पंधरा मिनिटांची आत्या

माझ्या आत्याने बावीस वर्षं एका वाक्यावर नोकरी केली.

बस स्थानकाच्या मधोमध, जिन्याखाली, एक काचेची खोली आहे. आत एक टेबल, एक माइक, कार्यशाळेला जोडलेला एक फोन आणि उन्हाने पिवळं पडलेलं वेळापत्रक. आत्या तिथे बसायची आणि उशीर झालेल्या प्रत्येक गाडीसाठी सांगायची, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. धरणाकडे जाणारी गाडी येत्या पंधरा मिनिटांत फलाट क्रमांक चारवर लागेल." गाडी कुठलीही असो, उशीर पाच मिनिटांचा असो की पाच तासांचा, मिनिटं पंधराच. ही आत्याची लबाडी नव्हती. तिच्या आधी त्या खुर्चीत बसणाऱ्यांनीही पंधराच सांगितली होती, आणि त्यांच्या आधीच्यांनीही. नव्या माणसाला खुर्ची, किल्ली आणि पंधरा मिनिटं अशी तिन्ही एकदमच मिळायची. आगाराचा अनुभव असा, की दहा सांगितली तर लोक घड्याळ बघतात, वीस सांगितली तर भांडायला येतात. पंधराला माणूस नुसता उसासा टाकतो आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतो. फोनवर बावीस वर्षांची धूळ होती. उत्तर ठरलेलंच, तर विचारायचं कुणाला?

आवाज मात्र असा होता, की खोटं ऐकतानाही माणसाला सावलीत उभं राहिल्यासारखं वाटावं.

गावात तिचं नाव पंधरा मिनिटं पडलं. ती भाजी घ्यायला निघाली की मुलं ओट्यावरून एकमेकांना सांगायची, त्या बघ, पंधरा मिनिटं चालल्या. भाजीवाला सुटे परत देताना म्हणायचा, देतो ताई, पंधरा मिनिटांत. आत्या हसायची. पण घरी येऊन पिशवी जरा जोरात ठेवायची, हे मला दिसायचं.

मी लहानपणापासून तिच्याकडेच वाढले. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, आणि त्यांच्याही धंद्याचं एक ठरलेलं वाक्य: "परवा या, तयार असेल." त्यामुळे आमच्या घरात काळाची दोनच मापं होती, आत्याची पंधरा मिनिटं आणि आतोबांचं परवा. या दोन्हींच्या मध्ये आम्ही फार सुखाने राहत होतो.

घोळ झाला तो मानेमुळे. बावीस वर्षं माइककडे डावीकडे वाकून बोलल्यामुळे आत्याची मान एका सकाळी तशीच राहिली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि योगाच्या वर्गाला जा म्हणाले. वर्ग धोबीखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा; खालून इस्त्रीची वाफ यायची. शिकवणाऱ्या बाई काठीसारख्या सडसडीत, निवृत्त शिक्षिका. पहिल्या दिवशी सगळ्यांनी उत्साहाने चटया उलगडल्या. बाईंनी त्या गुंडाळायला लावल्या.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की योगाला आठ पायऱ्या आहेत आणि आसन तिसरी. पहिलीवर यम, म्हणजे जगाशी कसं वागायचं: कुणाला दुखवायचं नाही, खोटं बोलायचं नाही, दुसऱ्याचं घ्यायचं नाही, सगळ्यात संयम ठेवायचा, गरजेपेक्षा जास्त साठवायचं नाही. दुसरीवर नियम, म्हणजे स्वतःशी कसं वागायचं. ज्यांना या दोन पायऱ्या नको असतील त्यांनी थेट तिसरीवर उडी मारून बघावी, पण गुडघ्यांबद्दल नंतर विचारायला येऊ नये.

आठवड्याभरात पाऊण वर्ग गळला. आत्या राहिली. तिची मान मागे वळत नव्हती, त्यामुळे लोक उठून चालले आहेत हे तिला कळलंच नाही.

पहिला महिना अहिंसेचा. तो बरा गेला. आत्या डासांना वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालून खिडकीबाहेर पोचवायची आणि अडकणाऱ्या दाराशी गोड बोलायची. मग आलं सत्य.

त्याच संध्याकाळी एक गिऱ्हाईक कोटासाठी आलं. आतोबा तोंडातल्या टाचण्या काढून "परवा" म्हणणार, तोच आत्या आतून आली आणि म्हणाली, "कोट अजून कापलेलासुद्धा नाही. कापडावर मांजर झोपतं." गिऱ्हाईक गेल्यावर आतोबांनी मशीनचं चाक एकदा उगाच फिरवलं. म्हणाले, "अगं, परवा ही काय तारीख असते? तो धीर असतो. माणूस तो घेऊन घरी जातो आणि बरं वाटून झोपतो." आत्या म्हणाली की तो उठल्यावरही कोट नसतोच. आतोबांनी टाचण्या परत तोंडात घातल्या.

सोमवारी आत्याने माइक लावला. कधी नव्हे तो फोन उचलून तिने कार्यशाळेत विचारून घेतलं होतं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. धरणाची गाडी पंधरा मिनिटांत येणार नाही. ती आगारातच आहे आणि तिचे चालक मागच्या बाकावर झोपले आहेत."

चहाच्या टपरीवरची किटलीसुद्धा ऐकू आली, असं चौकशीच्या खिडकीतले भाऊ नंतर सांगत होते. मग चाळीस माणसं उठली आणि चालकाला बघायला गेली. तो जागा झाला तो चाळीस चेहऱ्यांच्या मधोमध. हात कुणी लावला नाही, पण एका आजींनी त्याच्या आईवडिलांची इतकी सविस्तर चौकशी केली, की तो गाडी काढतानाही लाल होता. परत आल्यावर तो काचेशी उभा राहिला. म्हणाला, "ताई, रात्रभर दुसऱ्याची पाळी केली मी. ते पण सांगायचं होतं ना."

आत्या त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी ती बाईंकडे गेली. बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. सगळं ऐकून त्यांनी एक चिमटा तिच्या हातात दिला.

"अहिंसा पहिली आणि सत्य दुसरं. यादी करणाऱ्याने क्रम काय चिठ्ठ्या टाकून लावला असेल?"

"मग मी सांगायचं काय?"

"गाडीचं सांग. माणसाचं माणसाला सांगू दे."

दुसऱ्या दिवशी आत्याने आधी त्या चालकाची माफी मागितली, मग माइक लावला. "धरणाची गाडी साडेअकराला लागेल. चाक बदलणं चालू आहे. तुमच्याकडे सव्वा तास आहे."

तुमच्याकडे सव्वा तास आहे! बावीस वर्षांत त्या स्थानकावर कुणाकडे काही आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. एक जण उठला आणि समोरच्या दवाखान्यात दात दाखवायला गेला, जे तो चार महिने टाळत होता. कॉलेजच्या मुलींनी पायऱ्यांवर वह्या उघडल्या. एक बाई घरी जाऊन गॅस बंद करून आली आणि वाटेत तिच्या लक्षात आलं, की तो बंदच होता. तरी खूश होती. दोन अनोळखी म्हाताऱ्यांनी बुद्धिबळ मांडलं आणि गाडी आली तेव्हा दोघांनी मिळून तिला आणखी दहा मिनिटं थांब म्हटलं. आतोबांच्या दुकानात सदरे काढून बनियनवर बसलेल्या माणसांची रांग लागली: बटण लावून द्या, आमच्याकडे पन्नास मिनिटं आहेत, ताईंनी सांगितलंय. आतोबांना परवा म्हणायची सोय उरली नाही. बसल्या बसल्या शिवून द्यावं लागायचं. ते कुरकुरायचे आणि शीळ घालायचे.

एकदा पोळ्या लाटताना आत्या मला म्हणाली की यमातला तिसरा तिला आपोआप कळला. न विचारता दुसऱ्याचं घेणं ही चोरी, आणि ती बावीस वर्षं लोकांचा वेळ न विचारता घेत होती. "आणि त्याचं करत काहीच नव्हते गं," ती म्हणाली. "निदान चोराला उपयोग तरी होतो."

आता साहेबांविषयी. आगाराचे साहेब वाईट नव्हते. गोल, घामेजलेले, मुख्य कचेरीच्या नावाने झोपेत दचकणारे गृहस्थ. पूर्वी लोक तक्रार करायचे, पण गाडी नेमकी किती उशिरा आली ते कुणालाच सिद्ध करता येत नसे. आता तक्रारींत मिनिटं यायला लागली, आणि पुरावा म्हणून खाली लिहिलेलं असायचं, 'आपल्याच माइकवरून ऐकले.' साहेबांनी आत्याला बोलावलं.

"बाई, आगाराची अब्रू झाकायला पंधरा मिनिटांचं एवढंसं फडकं होतं. तेही तुम्ही ओढलंत."

मग त्यांनी खरी बातमी सांगितली. माइकच्या जागी यंत्र येणार होतं. गाडीचं नाव बटणाने लागेल आणि पुढे एकच ध्वनिमुद्रित वाक्य वाजेल. आवाज आत्याचाच, कारण लोकांना त्याची सवय. वाक्य ठरलेलंच. आत्याची बदली सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत. एक तारखेला मुख्य कचेरीतल्या मॅडम यंत्र पाहायला येतील.

त्या संध्याकाळी आत्याने पिशवी जोरात ठेवली नाही, आणि मला ते जास्त वाईट वाटलं. खुर्ची सोडायला ती तयार होती. साठवायचं नाही हाही यमच. पण ती म्हणाली, "मी मेल्यावरसुद्धा ते यंत्र माझ्या तोंडाने पंधरा मिनिटं म्हणत बसेल. भाजीवाला म्हणतो ते मग कायमचं खरं."

तिने साहेबांना सांगून टाकलं होतं, की खोटं वाक्य मुद्रित करणार नाही. साहेबांनी डोकं चालवलं. म्हणाले, बरं, खरं वाक्य द्या. पण एकच, आणि कुठल्याही गाडीला, कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळेला खरं राहील असं. शुक्रवारपर्यंत. नाही सापडलं तर पंधरा मिनिटं. त्यांची खात्री होती की असं वाक्य जगात नाही.

चार दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघं चहाला बसलो आणि शोधाला ऊत आला.

मी सुचवलं, "गाडी येईल तेव्हा येईल." आत्या म्हणाली, खरं आहे, पण ऐकणाऱ्याला थोबाडीत मारल्यासारखं वाटेल, अहिंसेत बसत नाही. आतोबा म्हणाले, "गाडी वाटेत आहे." पण ती बहुतेक वेळा वाटेत नसते, कार्यशाळेत दुरुस्तीच्या खड्ड्यावर असते. मी म्हटलं, "गाडी अजून आलेली नाही." पण हे वाजत असतानाच ती आली तर? यंत्र तिच्या तोंडावर नाही म्हणणार. आतोबा म्हणाले, "गाडी लाल आहे." यावर बराच वेळ कुणालाच खोट काढता येईना, मग मला आठवलं की टेकडीची गाडी गेल्या वर्षी हिरवी रंगवली. "गाडीला चाकं आहेत," आतोबा म्हणाले. "सगळी नाहीत," आत्या म्हणाली, "एक कायम कार्यशाळेत असतं." इथपर्यंत आम्हाला इतकं हसू यायला लागलं होतं, की आतोबांनी टाचण्यांची डबी आधी दूर सरकवली. मांजर उठून दुसऱ्या कोटावर गेलं. आत्या हसता हसता मान धरून ओरडली आणि ओरडता ओरडता पुन्हा हसली.

डोळे पुसत ती म्हणाली, "त्या डबड्याला काय माहीत असणार आहे?"

आणि थांबली. आतोबांचा कप तोंडाशीच राहिला.

"हेच," मी म्हटलं. "हे कायम खरं आहे."

शुक्रवारी तिने वाक्य कागदावर लिहून नेलं: 'या यंत्राला गाडीची वेळ माहीत नाही. कृपया चौकशीच्या खिडकीत विचारावे.' साहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यात मिनिटं नव्हती, आणि मिनिटांचीच तर त्यांना भीती. चौकशीच्या खिडकीची त्यांना भीती नव्हती. तिथे कुणी जातच नसे. त्यांनी सही केली. आत्याने आपल्या सावलीच्या आवाजात वाक्य मुद्रित केलं आणि किल्ली दिली. जाताना एवढंच मागितलं, की कार्यशाळेचा फोन तिच्या नव्या खोलीत जोडून द्या. यंत्राला फोनचं काय काम, म्हणून साहेबांनी तोही दिला.

एक तारखेला मी आत्याचा डबा घेऊन गेले. ती सापडलेल्या छत्र्यांच्या ढिगाआड बसली होती, शेजारी फोन. मॅडम साहेबांच्या खोलीत चहा घेत होत्या. साडेनऊला टेकडीची गाडी आली नाही. यंत्र बोललं, आणि आत्याचा आवाज सगळ्या फलाटांवर पसरला. गेल्या काही महिन्यांत लोकांना एक खोड लागली होती: या आवाजाने सांगितलं की ऐकायचं. तीस माणसं शिस्तीत उठली आणि चौकशीच्या खिडकीपुढे उभी राहिली.

खिडकीतल्या भाऊंना अठरा वर्षांच्या नोकरीत स्वच्छतागृह कुठे आहे, याखेरीज काही विचारलं गेलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, काढला. त्यांना स्वतःला गाडीची वेळ माइकवरूनच कळायची. "एक मिनिट हं," म्हणून ते मागच्या दाराने सुटले, स्थानक ओलांडून छत्र्यांच्या खोलीत आले आणि चौकटीला धरून म्हणाले, "ताई, टेकडी?"

आत्याने फोन केला. "दहा वाजून वीस."

भाऊ धावत गेले. परत आले. "ताई, गिरणी?" गेले. आले. "बंदर?" तिसऱ्या खेपेला त्यांनी बूट काढून हातात घेतले होते. रांग नळापर्यंत गेली, नळाला वळसा घालून सात नंबरच्या फलाटावर गेली, तिथून साहेबांच्या दारापाशी आली. मॅडम बाहेर पडायला उठल्या तेव्हा दारातच रांगेचं शेपूट होतं. त्यांनी शेवटच्या माणसाला विचारलं, ही रांग कशाची? तो म्हणाला, खऱ्याची.

मॅडमनी भाऊंना बूट घेऊन धावताना पाहिलं आणि त्या त्यांच्या मागोमाग निघाल्या. साहेब त्यांच्या मागोमाग. अशी ही वरात छत्र्यांच्या खोलीत आली तेव्हा आत्या खांद्याला फोन लावून डावीकडे वाकलेली होती.

"इथे गाड्यांची खरी वेळ कुणाला माहीत असते?" मॅडमनी विचारलं. भाऊंना बोलता येत नव्हतं. त्यांनी बुटाने आत्याकडे दाखवलं.

"किती उशीर होतो तुमच्या गाड्यांना?"

मॅडमच्या पाठीमागे साहेब उभे होते. त्यांनी हात वर केला आणि पंजा उघडला, मिटला, उघडला. पाच, दहा. चेहरा असा, की मला त्यांच्यासाठी पाणी आणावंसं वाटलं. आत्याने ते पाहिलं. माइक गेलाच होता. आता ही छत्र्यांची खुर्चीही राहते की नाही, ते पुढच्या वाक्यावर होतं. पण मला वाटतं, तिला त्या क्षणी चालकाचा लाल चेहरा दिसत असावा.

"सरासरी पन्नास मिनिटं," ती म्हणाली. "अकरा गाड्यांना मिळून चाक उचलायचा एकच जॅक आहे. एकीचं चाक चढल्याशिवाय दुसरीचं उतरत नाही. साहेबांनी दुसऱ्या जॅकसाठी तीन पत्रं पाठवली आहेत. त्यांच्या नकला काचेच्या खोलीतल्या खणात आहेत. उत्तर आलेलं नाही."

मॅडम मागे वळल्या. साहेबांचा पंजा तिसऱ्यांदा उघडून हवेतच राहिला होता.

"तीन पत्रं?"

"तीन," साहेब म्हणाले, आणि हळूच हात खाली घेतला.

मॅडमनी पर्समधून पेन काढलं. पत्रं त्यांच्याच कचेरीत आली असणार, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत होतं. यंत्र काढून टाकणं त्यांच्या हातात नव्हतं. ते वरून आलं होतं. त्यांनी तिथेच, एका छत्रीवर कागद टेकवून, लिहून दिलं: वेळेवर येणाऱ्या गाड्या यंत्राने सांगाव्यात, उशिराच्या या बाईंनी, काचेच्या खोलीतून.

म्हणजे आत्याला दिवसभर काम, आणि यंत्राला सकाळची दुधाची गाडी. ती मात्र रोज वेळेवर येते, तेव्हा त्याचं वाक्य बदलून घ्यावं लागलं. 'वेळ माहीत नाही' हे आता खोटं ठरत होतं. आत्या त्यासाठी पुन्हा अर्धा दिवस यंत्रापुढे बसली.

साहेब आता रोज सकाळी काचेच्या खोलीत डोकावतात आणि स्वतःच विचारतात, आज किती? भाजीवाला अजून तिला पंधरा मिनिटंच म्हणतो. ती त्याला म्हणते, आज पासष्ट आहेत, निवांत वजन कर. मान डावीकडून सरळ झालेली नाही. योगाच्या बाई दुसऱ्या पायरीवर, संतोषापाशी पोचल्या आहेत आणि आसनांना हात घालायची त्यांना काही घाई दिसत नाही.

जॅकबद्दल मुख्य कचेरीला आत्या दर सोमवारी फोन करते. परवा पाठवतो, असं उत्तर येतं. आतोबांनी ते ऐकलं तेव्हा मशीन थांबवून टाचण्या काढल्या आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "आपल्याच धंद्यातली माणसं दिसतात."